८६५ मेगाहर्ट्झचा लोरा रिसीव्हर: बागेतला नॉइज कसा कमी करायचा?

बागाईतदार:

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. पानांवरचा ओलावा, मातीतली ओल, तापमान आणि आर्द्रता मोजणारे लोराचे (कमी विजेवर लांब पोचणाऱ्या रेडिओचे) नोड बागेत लावले आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीचा (केवडा रोगाचा) धोका कधी आहे हे पान किती तास ओलं राहिलं यावरून कळतं, म्हणून रात्रीचे आणि पहाटेचे आकडे चुकून चालत नाहीत. ते नसले की फवारणीचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो, आणि प्रत्येक जादा फवारणी म्हणजे खर्च आणि निर्यातीच्या मालात औषधाच्या अंशाची काळजी.

मुख्य रिसीव्हर विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीत आहे. ईएसपी ३२ प्रोसेसर आणि एसएक्स १२७६ या लोरा चिपचं मॉड्यूल, १२ व्होल्टची बॅटरी, सोलर चार्ज कंट्रोलर, पुढे व्होल्टेज उतरवणारा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर. अँटेना छपरावर, मध्ये १० मीटर आरजी ५८ केबल. याशिवाय ड्रिपच्या प्रत्येक व्हॉल्व्हजवळ लिथियम सेलवर चालणारा छोटा नोड आहे. तो दर दोन सेकंदांनी उठतो, हवेतला आरएसएसआय (सिग्नलची ताकद) ठरावीक पातळीच्या वर आहे का बघतो, नसेल तर पुन्हा झोपतो.

अडचणी दोन आहेत. लांबच्या, म्हणजे ७०० मीटरवरच्या नोडची पॅकेट दिवसा गळतात, रात्री बऱ्यापैकी येतात. आणि व्हॉल्व्ह नोडचे सेल हिशेबापेक्षा फार लवकर उतरतात. अँटेनाला एलएनए (कमी नॉइजचा अॅम्प्लिफायर) लावावा असं मनात आहे. कोणता घ्यावा?

सोल्डरगन:

एलएनए आत्ता मागवू नका. अँटेनातून नॉइज येत असेल तर एलएनए सिग्नलबरोबर तोही तेवढाच मोठा करेल. तुमचा नॉइज कुठून येतोय हे आधी शोधू.

थोडं गणित लागेल. कोणताही रोधक उष्णतेमुळे नॉइज निर्माण करतो. बेल लॅबमध्ये जॉन्सन यांनी तो मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचं सूत्र मांडलं, दोघांचे निबंध १९२८ चे. नेहमीच्या तापमानाला तो दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम भरतो. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थसाठी त्यात ५१ डीबी मिळवा, उणे १२३ झाले. एसएक्स १२७६ चा नॉइज फिगर, म्हणजे त्याने स्वतः घातलेली नॉइजची भर, साधारण ६ डीबी धरला तर उणे ११७. ही तुमच्या रिसीव्हरची जमीन, म्हणजे नॉइजची सगळ्यात खालची पातळी. लोरा एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, जितका मोठा तितका वेग कमी आणि पल्ला जास्त) ७ ला या पातळीच्या ७.५ डीबी खालचा आणि एसएफ १२ ला २० डीबी खालचा सिग्नलही वाचू शकतो. पण जमीनच १५ डीबीने वर आली तर एसएफ ७ वरून एसएफ १२ वर जाऊन कमावलेलं सगळं त्यात बुडतं.

आता मोजणी. मॉड्यूल सतत रिसीव्ह मोडमध्ये ठेवा आणि चालू आरएसएसआयचं रजिस्टर वाचा. पॅकेटचा आरएसएसआय नको, मोकळ्या हवेचा हवा. आलेल्या संख्येतून १५७ वजा केले की डीबीएम मिळतात. शेकडो वाचनांची सरासरी घ्या. आधी अँटेनाच्या जागी ५० ओहमचं टर्मिनेटर लावून, सगळं साध्या सेलवर चालवून मोजा. मग टर्मिनेटर तसंच ठेवून नेहमीच्या बक कन्व्हर्टरवर. मग अँटेना लावून, पॅनेल जोडलेलं आणि पॅनेल काढलेलं, दोन्ही. शेवटी सेलवर चालणारा रिसीव्हर हातात घेऊन खोलीपासून दूर बागेत.

टर्मिनेटर लावूनही आकडा वर असेल तर नॉइज आतून, म्हणजे वीजपुरवठ्यातून किंवा बोर्डातून येतोय. अँटेना लावल्यावरच चढत असेल तर हवेतून. आणि सेल म्हणजे सेलच घ्या. पॉवर बँकेतही बूस्ट कन्व्हर्टर असतो.

गोदाकाठ:

अँटेनाही तपासून घ्या. ८६८ लिहिलेल्या अँटेना प्रत्यक्षात ९१५ ला जुळलेल्या निघतात. कुणाकडून नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) मिळाला तर ८६५ ते ८६७ मध्ये रिटर्न लॉस (अँटेना किती जुळली त्याचं माप) किमान १० डीबी आहे का बघा. नॉइज कमी करून झाल्यावर सिग्नलच अर्धवट पोचत असेल तर उपयोग नाही.

बागाईतदार:

धन्यवाद. मोजून आलो. दुपारची वाचनं, सगळे उणे डीबीएम.

टर्मिनेटर, सेलवर: ११६
टर्मिनेटर, बक कन्व्हर्टरवर: ११४
छपरावरची अँटेना, पॅनेल जोडलेलं: १०१
तीच अँटेना, पॅनेलच्या वायरी काढून: १०८
बागेच्या मध्यावर, सेलवर, छोटी अँटेना: ११३

रात्री पॅनेल जोडलेलं असतानाही १०८ च्या आसपासच येतं. अँटेना ८६६ ला ठीक आहे. रस्त्याच्या कडेला मोबाइलचा मनोरा आहे, छपरावरून समोर दिसतो.

सोल्डरगन:

छान मोजलंत, यातून बरंच कळतं.

टर्मिनेटरवरचा २ डीबीचा फरक वीजपुरवठ्यातून आलाय. दिवसाचा ७ डीबीचा फरक चार्ज कंट्रोलरचा. त्याचं स्विचिंग काही शे किलोहर्ट्झचंच असणार, मग ८६६ मेगाहर्ट्झवर त्याचं काय काम, असं वाटेल. पण स्विचिंगची मूळ वारंवारता इथे फारशी महत्त्वाची नाही. मॉस्फेट चालू-बंद होताना व्होल्टेजची कड किती तीव्र आहे ते बघायचं. २ नॅनोसेकंदात चढणाऱ्या कडेचा स्पेक्ट्रम साधारण १६० मेगाहर्ट्झपर्यंत हळू उतरतो आणि त्यापुढे दशपटीला ४० डीबीने. त्यात रिंगिंग असेल तर ८६६ पर्यंत भरपूर उरतं. पॅनेलकडे जाणाऱ्या लांब, मोकळ्या दोन वायरी हे सगळं बाहेर फेकतात, आणि तुमची अँटेना त्यांच्याच डोक्यावर उभी आहे.

म्हणून पहिला उपाय अंतर. अँटेना खोलीच्या छपरावरून काढून पाचसात मीटर दूर स्वतंत्र पाइपवर न्या. पॅनेलच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन आणा, कंट्रोलरच्या तोंडाशी दोन्ही मिळून एका फेराइट कोअरमधून काढा. फेराइट कोणत्या मिश्रणाचं आहे ते बघून घ्या. अडॉप्टरच्या वायरीवर असतात ते बहुतेक कमी वारंवारतेसाठी बनवलेले असतात आणि ८६६ ला दुबळे पडतात. कंट्रोलर पत्र्याच्या डब्यात घाला, डब्यात शिरणाऱ्या प्रत्येक वायरीला प्रवेशाशीच डब्याच्या पत्र्याला जोडलेला लहान कपॅसिटर द्या.

वीजपुरवठ्यासाठी: रेडिओचा ३.३ व्होल्ट ईएसपी ३२ बरोबर वाटून घेऊ नका. वेगळा एलडीओ (छोटा व्होल्टेज रेग्युलेटर) द्या. पण नुसत्या एलडीओवर विसंबू नका, नेहमीचे एलडीओ १ मेगाहर्ट्झच्या वर रिपल फारसा अडवत नाहीत. त्याच्या आधी फेराइट बीड हवा. आणि रेडिओच्या पिनेला चिकटून १०० नॅनोफॅरडबरोबर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर हवाच. ८६६ मेगाहर्ट्झला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर कपॅसिटर राहत नाही, इंडक्टरसारखा वागतो.

रानवाट:

वाचतेय. आमच्याकडे सांगोल्याला डाळिंबात असंच मांडायचं चाललंय. एक शंका. एलएनए कधीच लावायचा नाही का? केबलमध्येही नुकसान होतं ना?

सोल्डरगन:

ताई, लावायचा, पण नॉइज रिसीव्हरचा स्वतःचा असेल तेव्हा, आणि लावायचा तो अँटेनाच्या बुडाशी. फ्रीस यांचं १९४४ चं सूत्र हेच सांगतं: साखळीतला पहिला टप्पा ठरवतो, पुढच्यांचा वाटा पहिल्याच्या गेनने भागला जातो.

बागाईतदारांचंच उदाहरण घ्या. ८६६ ला १० मीटर आरजी ५८ मध्ये जवळपास ५ डीबी जातात, रेडिओचा नॉइज फिगर ६, एकूण ११ डीबी. आता १ डीबी नॉइज फिगर आणि १५ डीबी गेनचा एलएनए अँटेनाशी लावला तर एकूण येतो २.१ डीबी. तोच एलएनए केबलच्या खालच्या टोकाला, रेडिओजवळ लावला तर ६.३. एकच वस्तू, फक्त जागा बदलली की ४ डीबींचा फरक.

पण त्याहून सोपं म्हणजे केबलच काढून टाकणं. रेडिओ आणि प्रोसेसर डब्यात घालून पाइपवर अँटेनाखाली बसवा, खाली फक्त वीज आणि डेटाची वायर आणा. ५ डीबी फुकट मिळतात. लोराचं मॉड्यूल इतकं छोटं आहे की त्याला खाली ठेवून वर लांब केबल नेण्यात काही अर्थ नाही.

मनोऱ्याखाली:

मी टेलिकॉमच्या फील्डवर काम करतो. मनोऱ्याचा उल्लेख वाचून थांबलो. कृपया तो मुद्दा हलका घेऊ नका.

भारतात लोरासाठी विनापरवाना मिळालेला पट्टा आधी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ होता, २०२१ च्या नियमांपासून ८६५ ते ८६८. मोबाइलच्या ८५० बँडचा डाउनलिंक, म्हणजे मनोऱ्याचं प्रक्षेपण, सुरू होतं ८६९ ला आणि ८९४ पर्यंत जातं. मध्ये जेमतेम १ मेगाहर्ट्झ. युरोपात ८६८ वर काम करणाऱ्यांना हा शेजार नाही, त्यामुळे तिकडच्या लेखांत एलएनए बिनधास्त सुचवलेला दिसतो. आपल्याकडे मनोरा समोर असताना रुंद पट्ट्याचा एलएनए लावला तर तो मनोऱ्याच्याच ताकदीने दबतो, आणि त्याच्या आत दोन वाहकांची मिसळ होऊन नवे खोटे सिग्नल तयार होतात.

हे होतंय का ते ओळखायची चांगली युक्ती आहे. अँटेना आणि रेडिओच्या मध्ये ६ डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल घटवणारा जोड) लावा. नॉइज बाहेरून आलेला आणि रिसीव्हर सरळ वागत असेल तर आकडा फार तर ६ डीबीने खाली येईल, त्यानंतर रिसीव्हरची स्वतःची जमीन लागेल. पण मिसळीचा नॉइज असेल तर तिसऱ्या क्रमाची मिसळ १८ डीबीने कोसळते, आणि पॅकेटचा एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे ते) सिग्नल कमी करूनही सुधारतो. तसं झालं तर तुम्हाला एलएनए नको, फिल्टर हवा.

फिल्टरबद्दल: सॉ फिल्टर (छोटा चिपसारखा फिल्टर) ९०० च्या बँडला चांगला रोखतो, पण इतक्या जवळच्या ८६९ ला त्याची कड पुरेशी उभी नसते. त्यासाठी कॅव्हिटी फिल्टर लागतो, तो मोठा आणि महाग. आणि मनोऱ्याच्या प्रक्षेपणाची जी किनार ८६५ ते ८६७ मध्येच सांडते, ती तुमच्याकडच्या कोणत्याही फिल्टरने जात नाही, कारण ती तुमच्याच चॅनेलमध्ये बसलेली असते. तिथे दिशा बदलणं हाच उपाय. यागी (एकाच दिशेला ऐकणारी अँटेना) घ्या, तोंड बागेकडे आणि पाठ मनोऱ्याकडे. शक्य असेल तर मनोरा आणि अँटेना यांच्यामध्ये खोलीची भिंत येऊ द्या.

चॅनेलही बदलून बघा. लोरावॅनचे भारतातले ठरलेले चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ आहेत. तुमचं स्वतंत्र जाळं आहे, तेव्हा ८६९ पासून जितकं लांब राहाल तितकं बरं, म्हणजे खालचं टोक.

तारायंत्री:

खालच्या टोकाला जाताना एक ध्यानात ठेवा. १६, २४, ३२ आणि ४८ मेगाहर्ट्झ, या सगळ्या घड्याळांचा एक हार्मोनिक (पूर्ण पटीतली वारंवारता) नेमका ८६४ ला पडतो. एसएक्स १२७६ चा स्वतःचा क्रिस्टल ३२ चाच आहे. ८६५.०६ तिथून एक मेगाहर्ट्झ दूर आहे, म्हणून सहसा त्रास होत नाही. ईएसपी ३२ चा ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ८४० आणि ८८० ला पडतो, तोही बाहेर. पण शेजारी कॅमेरा, डीव्हीआर किंवा इथरनेटचं काही असेल तर आरटीएल एसडीआर (संगणकाला जोडायचा रिसीव्हर) लावून स्पेक्ट्रम बघाच. केबलच्या टोकाला सेंटिमीटरभर व्यासाचं वायरचं कडं डागून ते एकेका वस्तूजवळ फिरवलं की कोण ओरडतंय ते लगेच दिसतं.

अवांतर: जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे आजचे चार पट्टे बघितले तर ५५० ते ८५० आणि मग थेट १०५० ते १४५०. मधल्या मोकळ्या भागातच मोबाइलच्या ८५० आणि ९०० बँडचे डाउनलिंक आहेत. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा नॉइज ओळखून तो येतायेताच वगळणारी यंत्रणा तिथल्या शास्त्रज्ञांनी बसवली आहे. आकाशातला इतका क्षीण सिग्नल ऐकणारी माणसंही आधी मूळ शोधतात, मग छाटतात. आपल्या बागेतही क्रम तोच ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

कमीवीज:

मुख्य रिसीव्हरवर बरंच बोलणं झालं, व्हॉल्व्ह नोडकडे कुणी वळलं नाही. माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे, आणि सेल लवकर उतरण्याचं कारणही नॉइजच.

तुमचा नोड आरएसएसआयच्या पातळीवर उठतो. म्हणजे आसपास कुठलीही ऊर्जा दिसली, मनोऱ्याची असो की मोटर स्टार्टरच्या ठिणगीची, की तो जागा राहतो. खर्च बघा. समजा एक तपासणी ८ मिलिसेकंदांची, प्रवाह ११ मिलिअँपिअर, दर दोन सेकंदांनी. दिवसाला साधारण १ मिलिअँपिअर-तास. आता पन्नासातून एकदा खोटी जाग आली आणि नोड पूर्ण दोन सेकंद ऐकत बसला, तर तोच खर्च दिवसाला ६ वर जातो. सेलचं आयुष्य सहा पटीने घटलं, आणि नोडने तुमचं एकही पॅकेट घेतलं नाही.

शिवाय लोराचा सिग्नल नॉइजच्या खाली असतो तेव्हा आरएसएसआयला तो दिसतच नाही. म्हणजे ही पद्धत नको तेव्हा उठवते आणि हवं तेव्हा झोपू देते. चिपमध्येच कॅड, म्हणजे चॅनेलवर लोराचा चर्प आहे का ते ओळखायची सोय आहे. ती वापरा. एसएफ ९ आणि १२५ किलोहर्ट्झला एक चिन्ह ४.१ मिलिसेकंदांचं, कॅडला साधारण दोन चिन्हं लागतात. होकार आला तर लगेच दुसऱ्यांदा कॅड करा, दोन्ही वेळा होकार आला तरच जागं राहा. हाक मारणाऱ्याने प्रीअँबल (पॅकेटच्या आधीचा इशारा) दोन सेकंदांहून लांब ठेवावा, म्हणजे एसएफ ९ ला पाचशे चिन्हं.

दुसरं, नोडमधला बूस्ट कन्व्हर्टर. लॅचिंग सोलेनॉइडला झटका द्यायला तुम्ही कपॅसिटर भरत असणार. तो ऐकण्याच्या वेळी भरू नका. आधी आज्ञा पूर्ण ऐका, पोच द्या, मग रेडिओ झोपवा आणि मग कपॅसिटर भरा. फिल्टर लावून जे साधायला पैसे लागतात ते वेळा वेगळ्या ठेवून फुकट साधतं. व्हॉल्व्ह फिरल्यावर रेडिओ लगेच उठवू नका, सोलेनॉइडवर डायोड असला तरी वायरीतला धक्का शमायला थोडा वेळ द्या.

बँडविड्थ १२५ वरून ६२.५ केली तर नॉइज ३ डीबीने कमी होतो, हे बरोबर. पण साध्या क्रिस्टलवर करू नका. २० पीपीएमचा क्रिस्टल ८६६ ला १७ किलोहर्ट्झ सरकू शकतो आणि दोन्ही टोकं उलट दिशांना सरकली तर ३४. लोरा बँडविड्थच्या पाव भागापर्यंतची चूक सहन करतो, ६२.५ ला ते जेमतेम १५.६. एप्रिलमध्ये उन्हातला बंद डबा किती तापतो ते तुम्हाला माहीतच आहे. टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न सरकणारा क्रिस्टल) असलेलं मॉड्यूल असेल तरच बँडविड्थ कमी करा. नवीन नोड बनवणार असाल तर एसएक्स १२६२ घ्या, ऐकताना ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, १२७६ च्या निम्म्याहून कमी.

रानवाट:

हे वेळा वेगळ्या ठेवण्याचं फार पटलं. आमच्या आराखड्यात लगेच घेते.

कोकणी_बोका:

मध्येच विचारतो, माफ करा. गेटच्या रिमोटचं ४३३ चं स्वस्त मॉड्यूल आहे. बटण दाबलं नाही तरी डेटा पिनेवर सतत कचरा येत राहतो. हा नॉइज कसा घालवू?

तारायंत्री:

तो सुपररिजनरेटिव्ह रिसीव्हर असणार. आर्मस्ट्राँग यांनी १९२२ मध्ये मांडलेली ही रचना अजून चालते, कारण भाग कमी लागतात आणि वीजही थोडी. सिग्नल नसला की तो गेन वाढवून नॉइजच दाखवतो, त्यात बिघाड काही नाही. सुपरहेटरोडाइन मॉड्यूल घ्या, किमतीत फार फरक नाही. आणि कोडमध्ये प्रीअँबल, मँचेस्टर कोडिंग आणि चेकसम असू द्या, म्हणजे कचऱ्यातून गेट उघडणार नाही. तुमच्या बोर्डचं घड्याळ ८ किंवा १६ मेगाहर्ट्झ असेल तर त्याचा हार्मोनिक ४३२ ला येतो, ४३३.९२ पासून फार दूर नाही आणि या रिसीव्हरची निवडकता ढोबळ असते. मॉड्यूल बोर्डापासून वीतभर लांब ठेवा.

बागाईतदार:

सगळ्यांचे मनापासून आभार. झालं ते सांगतो.

रेडिओ आणि प्रोसेसर डब्यात घालून विहिरीपलीकडच्या पाइपवर बसवले, लांब केबल गेली. पॅनेलच्या वायरी पिळल्या, कंट्रोलर पत्र्याच्या डब्यात गेला. रेडिओला स्वतंत्र एलडीओ आणि बीड दिला. ६ डीबीच्या अॅटेन्युएटरने नॉइज ५ डीबीने उतरला, म्हणजे मिसळ नाही, मनोऱ्याची किनारच. यागी बागेकडे वळवली. आता भर दुपारी उणे ११२ दिसतं, आणि ७०० मीटरवरच्या नोडची पॅकेट एसएफ ९ ला दिवसाही येतात. एलएनए मागवला नाही.

व्हॉल्व्ह नोडमध्ये दोनदा कॅड टाकलंय. सेलचा फरक कळायला हंगाम जाईल, तेव्हा इथेच आकडे देईन.

एक राहिलं. पावसाच्या आधी हवा दमट झाली की बांधावरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या लाइनजवळचा नोड आज्ञा चुकवतो. पाऊस जोरात सुरू झाला की पुन्हा ठीक होतो.

मनोऱ्याखाली:

इन्सुलेटरवर धूळ साठली असेल तर दमट हवेत ती वीज वाहू लागते आणि छोट्या ठिणग्या उडतात. जोराच्या पावसाने धूळ धुऊन जाते म्हणून मग शांत. लाइन कोरडी असताना नॉइज येत असेल तर सैल क्लॅम्प किंवा तडकलेला इन्सुलेटर समजा. साधा एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून बांधाने चालत जा, ज्या खांबाजवळ खरखर सगळ्यात मोठी त्याचा नंबर टिपून लाइनमनला द्या. स्वतः खांबाला हात लावू नका, काठीनेही नाही. तोवर त्या नोडची अँटेना आडवी करून बघा. मुख्य अँटेनाशी ध्रुवीकरण जुळणार नाही, सिग्नल कमी होईल, पण ठिणगीचा नॉइज त्याहून जास्त घटला तर एसएनआर सुधारेल. आधी आणि नंतर, दोन्ही वेळचे एसएनआर लिहून ठेवा.